दाब शून्य

आमच्या अर्पिताचं लग्न ज्या वर्षी ठरलं, मोडलं आणि परत त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे दोन हजार चोवीस. अर्पिता माझ्या शेखरची मुलगी, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. मे महिन्यात साक्षगंध झालं, जुलैत मोडलं, पोळ्याच्या आधी परत जुळलं. मोडण्याचं कारण आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि जुळण्याचंही नाही. गणपती बसले आणि चौथ्या दिवशी ह्यांना लकवा मारला.

हे म्हणजे माझे मालक. त्रेपन्न वर्षांच्या संसारात मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, पण ते बायकांनी दारात अडवून घेतलेलं होतं, ते मी धरत नाही. गाव ह्यांना गुरुजी म्हणतं, मास्तर म्हणतं. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत ह्यांनी पोरं शिकवली आणि त्या चौतीस वर्षांत लोक मला मास्तरीणबाई म्हणत आले. मला तेव्हा एक अक्षर वाचता येत नव्हतं. बसची पाटी मी ड्रायव्हरला विचारून वाचायची. "मास्तरीणबाई, एवढं पत्र वाचून द्या हो" असं कोणी म्हटलं की मी चष्मा सापडत नाही म्हणायची. चष्मा मला नव्हताच.

हे रिटायर झाले आणि घरात शिकवायला कोणी उरलं नाही, तेव्हा ह्यांची नजर माझ्यावर पडली. मी एक्कावन्न वर्षांची होते. स्वयंपाकघरात पाटी आली. दोन वर्षांत मी वाचायला लागले, पण ह्यांचं शिकवणं काही थांबलं नाही. किराण्याची यादी लिहिली तरी हे खिशातली लाल पेन काढायचे. साबुदाण्याचा 'सा' बरोबर असेल तर त्याबद्दल चकार शब्द नाही, 'बु' चुकला तर त्याभोवती गोल. संपूर्ण कागद बिनचूक असला तरच खाली बरोबरची खूण. अशा खुणा मला वीस वर्षांत अकरा मिळाल्या. म्हणून मी स्वतःला अकरावी पास समजायची. हे म्हणायचे, "बारावी कठीण असते."

लकव्यानं ह्यांचे हातपाय गेले आणि बोलणं गेलं. डाव्या हाताचं मनगट थोडं वळायचं आणि दोन बोटं हलायची. डॉक्टर म्हणाले, "डोकं शाबूत आहे. सगळं समजतं, जीभ वळत नाही." मला वाटलं, चला, डोकं तर आहे. नंतर कळलं की हेच वाईट होतं.

नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं. कचेरीतला एक माणूस यंत्र घेऊन घरी आला. "आजोबा, अंगठा दाबा." ह्यांनी अंगठ्याकडं पाहिलं. अंगठ्यानं ह्यांच्याकडं पाहिलं. त्या माणसानंच मग ह्यांचा अंगठा धरून यंत्रावर टेकवला. यंत्र म्हणालं, रेषा दिसत नाहीत. चौतीस वर्षं खडू धरून गुळगुळीत झालेला अंगठा तो.

"कागदी अर्ज भरू," तो माणूस म्हणाला. "पेन्शनरचं नाव?"

मी भिंतीकडं पाहिलं.

"बाई, नाव सांगा."

"तुमच्या कागदात असन की."

"कागदात हाये. पण तुमी सांगायचं, मी लिहायचं, असा नियम हाये."

"मंग द्या इकडं, मीच लिहितो."

इथं माझा मान आडवा आला. तोंडानं घ्यायचं नाही ते नाव, पण हातानं लिहायला काय हरकत? मी ऐटीत लिहिलं. वीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडून सगळं लिहून घेतलं होतं, नद्या, डोंगर, पंचायत समितीचे विषय, पण ह्यांचं नाव तेवढं मी टाळत आले होते. ते त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं. त्या माणसानं कागद उचलला, शिक्का मारला, चहा पिऊन गेला.

पंधरा दिवसांनी अर्ज परत. वर शेरा: "नाव दप्तराशी जुळत नाही."

शेजारचे पंजाबराव विजेच्या कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. कुठल्याही विषयात त्यांना काय जळलं ते लगेच कळतं. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमचं अक्षर वाकडं हाये. साहेबाले वाचता नसन आलं." मी दुसरा अर्ज आणला, पट्टी ठेवून, एकेक अक्षर कोरून लिहिला. आठ दिवसांत तोही परत. तोच शेरा.

दोन्ही कागद मी ह्यांच्या डोळ्यांसमोर धरले. "पाहा तुमची कचेरी. माणूस पलंगावर पडून हाये अन् यांले तो भेटून नाई राह्यला."

ह्यांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि डाव्या हाताची दोन बोटं गादीवर आपटू लागली. टप टप. त्या दिवसापासून हे सुरू झालं. मी समोर आले की टप टप. डोळे माझ्यावर रोखलेले, कपाळाला आठ्या, तोंडातून नुसता वारा. काहीतरी सांगायचं होतं. पाणी दिलं, नाही. कूस बदलली, नाही. शेखरला फोन लावून कानाशी धरला, नाही.

मी जेवायला बसले की ते टप टप ऐकू यायचं आणि घास उतरायचा नाही. त्रेपन्न वर्षं हा माणूस मला फक्त चुका सांगत आला. आता जाता जाता काहीतरी दुसरं सांगायचं असेल तर? ते ऐकल्याशिवाय ह्यांना जाऊ द्यायचं नाही, एवढंच मी धरून बसले.

शेजाऱ्यांनी आपापल्या परीनं मदत केली. पंजाबराव म्हणाले, "प्लॉटचं असन. मास्तरनं कुठं तरी प्लॉट घेऊन ठेवला असन." समोरच्या कौशल्याबाई पलंगाच्या पायथ्याशी बसून ह्यांच्याकडं बराच वेळ पाहत राहिल्या. मग मला मोरीपाशी नेऊन हळूच म्हणाल्या, "बाई, वाईट नका वाटून घेऊ. पण मास्तर सात वर्षं धामणगाव बढ्याले एकटेच राहत होते ना?"

"होते. माहेर हाये माह्यं ते. माह्या भावाच्याच घरी जेवत."

"जेवत भावाच्या घरी," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि पुढं काही बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्यानं मला जास्त त्रास होतो.

मी अर्पिताला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, घरात हर्षलचं ते काळं यंत्र आहे ना?"

होतं. हर्षल म्हणजे तिचा ठरलेला, मोडलेला आणि परत ठरलेला नवरा. लग्न मोडलं तेव्हा दोन्हीकडच्या वस्तू परत झाल्या. अर्पितानं त्याला दिलेलं गेम खेळायचं यंत्र साडीच्या खोक्यात बसून मलकापूरला आमच्याकडं आलं. लग्न परत जुळलं, साडी परत गेली, यंत्र फडताळातच राहिलं. दोन्ही हातांत धरायचं, खेकड्यासारखं. खाली बोटांसाठी बंदुकीसारखे दोन चाप. अर्पिता म्हणाली, या यंत्राला दोन गोष्टी कळतात. एक, आपण ते कुठं कलतं केलं. दुसरी, चाप किती जोरानं दाबला. खेळात कलतं केलं की गाडी वळते आणि चाप दाबला की समोरचा माणूस मरतो. आपण कॉम्प्युटरला सांगायचं, गाडीऐवजी बाण वळव आणि माणूस मारायच्या ऐवजी अक्षर लिही.

तिनं तिचा जुना लॅपटॉप पाठवला. माझ्यासाठी इंग्रजी शब्दांवर मराठी शब्दही बसवले: कल, दाब, हो, नाही. कल म्हटलं की मला वाटलं टीव्हीवर मतमोजणीच्या दिवशी दाखवतात तो. तिनं स्वतःच्या आवाजात 'हाव' आणि 'नाई' भरून दिलं, आजोबांना परका आवाज नको म्हणून. अक्षरांचा फळा मी करायचा असं ठरलं. मी एका बोटानं सात दिवस बाराखडी भरली. जोडाक्षरं सोडली. रफार आणि रकार कुठं ठेवायचे ते मला सुचलं नाही, आणि मला वाटलं, आजारी माणसाला जोडाक्षरं कशाला लागतात.

सुरुवातीलाच कॉम्प्युटरनं विचारलं, हे खातं कोणाच्या नावाचं?

मी लिहिलं: हे.

"आजी," अर्पिता फोनवर म्हणाली, "हे म्हणजे कोणते?"

"आपले हे."

 ती म्हणाली, "ठीक आहे, राहू दे. कॉम्प्युटरला चालतंय." कचेरीपेक्षा कॉम्प्युटर बरा, असं माझं त्या दिवशी मत झालं. ते फार टिकलं नाही.

यंत्र ह्यांच्या मनगटाला माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलं. पहिल्या दिवशी बाण उलटा पळायला लागला. ह्यांनी डावीकडं कलवलं की बाण उजवीकडं. मी यंत्र पालथं बांधलं होतं. ते सुलटं केलं. मग अर्पितानं अशी रचना केली की बाण एका घरात दोन क्षण थांबला की ते घर बोलेल, म्हणजे ह्यांना चाप दाबायचे कष्ट नकोत. आणि त्याच दिवशी दुपारी हर्षलचे आईवडील खामगावहून ह्यांना भेटायला आले.

आमचं घर रेल्वेपासून लांब नाही. मालगाडी गेली की फडताळातल्या कपबशा बोलतात. त्या दिवशी मालगाडी गेली, मनगटावरचं यंत्र थरथरलं, आणि बाण जागचा सरकत सरकत 'नाई'च्या घरात जाऊन बसला. तो तिथून उठेना. हर्षलचे वडील चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मंग फेब्रुवारीतली नऊ तारीख पक्की धरू का?"

"नाई," अर्पिताचा आवाज म्हणाला.

त्यांनी दाराकडं पाहिलं. पोरगी पुण्याहून कधी आली?

"बरं. मंग सोळा?"

"नाई."

"मंग कवा?"

"नाई. नाई. नाई."

"अहो, ते मशीन हाये," मी म्हटलं.

"मशीनमंदी आवाज कोणाचा हाये?" हर्षलच्या आईनं विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. "अर्पिताचा."

पोहे तसेच राहिले. त्या माणसांना मी दारापर्यंत समजावत गेले आणि मागून पोरगी एकसारखी नाई म्हणत होती. लग्न दुसऱ्यांदा मोडायचं वाचलं ते हर्षलमुळं. तो बापाला म्हणाला म्हणे, ती समोर असती तर याच्या दुप्पट बोलली असती.

बाण का सरकतो? अर्पिता म्हणाली, यंत्राला आधी एकदा पक्कं सांगावं लागतं की सपाट म्हणजे काय. अगदी सपाट जागी ठेवायचं आणि दहा मोजेपर्यंत हलू द्यायचं नाही. मग त्याला बाकीचा कल कळतो.

सपाट जागा! मी टेबलावर ठेवलं, नाही. फरशीवर ठेवलं, नाही. शेवटी खुर्शीद मिस्त्रीला बोलावलं. आमची मागची खोली त्यानंच बांधलेली. साठीला आलेला, उंचीला कमी आणि अब्रूला फार. ह्यांचा विद्यार्थी. त्यानं पिशवीतून पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी काढली, फरशीवर ठेवली आणि त्याचा चेहरा उतरला. बुडबुडा मोरीकडं पळाला होता.

"गुरुजी," तो पलंगाकडं वळून म्हणाला, "हा उतार मी मुद्दाम देला होता बरं. पाणी साचू नये म्हणून."

टप टप, ह्यांची बोटं.

"पाहा, गुरुजी नाई म्हणून राह्यले," पंजाबराव म्हणाले.

"तुमी खांबावर चढत होते ना, पंजाबराव? मंग भिंतीतलं कायले सांगता?" खुर्शीदला राग आला. त्यानं मग देव्हारा पाहिला, ओटा पाहिला, खिडकीची चौकट पाहिली. बांधकामातली कुठलीच गोष्ट सपाट निघाली नाही. प्रत्येक जागी त्यानं कारण सांगितलं, आणि प्रत्येक कारणात पाणी होतं. शेवटी त्याची नजर पोळपाटावर गेली. "तीन पायांचं हाये. तीन पायांचं डुगडुगत नाई." एका पायाखाली कागदाची घडी सारली, तेव्हा बुडबुडा मधोमध आला. घडी कसली होती ते मी नंतर पाहिलं. कचेरीतून परत आलेला पहिला अर्ज.

दोन गाड्यांच्या मधली वेळ साधली, श्वास धरला, दहा मोजले. बाण जागेवर थांबला. खुर्शीद डोळे पुसत म्हणाला, "गुरुजींनी मले लय मारलं माय. नाव लिहायले लावत. खु ऱ्हस्व, शी दीर्घ. रोज उलटं लिहायचो, रोज छडी. माह्या बापाले वाटे मास्तर मुसलमानाच्या पोरावर राग काढते. तो शाळेत भांडाले आला, तं गुरुजींनी त्याच्याकडूनबी नाव लिहून घेतलं."

आता राहिला दाब. नुसतं थांबल्यावर बोलणं बंद. बाण अक्षरावर न्यायचा आणि चाप दाबला तरच अक्षर घ्यायचं, म्हणजे मालगाडी आपल्या मनानं लग्न मोडणार नाही. कॉम्प्युटरनं सांगितलं, पूर्ण जोरानं दाबून दाखवा. हलकं म्हणजे किती आणि जोरात म्हणजे किती, हे त्याला त्यावरून ठरवायचं होतं.

ह्यांच्या बोटात जोर कुठला? मी विचार केला, कॉम्प्युटरला उगीच वाईट काय दाखवायचं. पाहुण्याला आपण फुटका कप देत नाही. मी स्वतःचा अंगठा चापावर ठेवला. ज्या अंगठ्यानं पन्नास वर्षं भाकरी थापली, दोन म्हशी पिळल्या, तो अंगठा. चाप करकरला. कॉम्प्युटरनं लिहिलं: शंभर. मला बरं वाटलं. शंभर मार्क मला आजवर कोणी दिले नव्हते.

मग यंत्र ह्यांच्या हातात दिलं, चाप बोटाखाली बसवला आणि म्हटलं, "हं. सांगा."

ह्यांनी बाण फिरवला. बाण जाऊन अक्षरावर थांबला. मी वाट पाहिली. काही उमटलं नाही. बाण हलला, परत त्याच अक्षरावर आला. काही नाही. पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं: दाब ०.

"दाबा की."

हे माझ्याकडं पाहत राहिले.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी बाण फिरवणं कमी केलं. मी रोज अंघोळ झाली की यंत्र बांधायची, समोर बसायची, आणि रोज दाब शून्य. मला समजलं, हे रुसले. तीन महिने वाट पाहायला लावली म्हणून, की अर्ज परत आले म्हणून, की माझ्या फळ्यात रफार नाही म्हणून. माणूस बोलू शकत नाही हे मी सोसलं होतं. बोलायची सोय केल्यावर बोलत नाही, हे मला लागलं. एवढे दिवस टप टप करून माझा जीव खाल्ला आणि आता मी पोळपाटापासून सगळं जमवून दिलं तर मुखस्तंभ! सातव्या दिवशी मी म्हटलं, "नका सांगू. मलेबी नाई ऐकायचं." आणि मी अबोला धरला. बोलू न शकणाऱ्या माणसाशी अबोला धरणारी बाई साऱ्या मलकापुरात मी एकटीच असेन. दोन दिवस मी ह्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली, यंत्र बांधलं आणि एक शब्द बोलले नाही. ते दोन दिवस आता मला कोणी परत देत नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी मागं कपडे वाळत घालत होते. पंजाबराव नेहमीसारखे विचारपूस करायला आत आले. हे डोळे मिटून पडलेले. शेजारी पडद्यावर मोठ्या अक्षरांत: हे. दाब ०.

पंजाबरावांना ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. दाब शून्य म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको.

मी ओला टॉवेल पिळते आहे तोच पुढच्या दारातून कौशल्याबाईंचा हंबरडा आला. मी धावत आले तर अंगणात चपलाच चपला. कौशल्याबाई उंबऱ्यात बसलेल्या, कपाळ बडवत. पंजाबराव माझ्यापुढं हात जोडून उभे. "मास्तरीणबाई, मन घट्ट करा."

"कायले?"

"मशीननं सांगितलं. शून्य झालं."

मी पलंगाकडं पाहिलं. हे डोळे उघडून सगळ्यांकडं पाहत होते. एकेकाकडं, हजेरी घेतल्यासारखे.

कौशल्याबाईंनी हंबरडा मध्येच थांबवला. तो परत आत घ्यायला त्यांना बराच वेळ लागला. पंजाबराव म्हणाले, "पण मशीनमंदी शून्यच हाये. मी खोटं नाई बोलून राह्यलो." खुर्शीद मिस्त्री हातात टोपी घेऊन आला होता, तो म्हणाला, "पंजाबराव, तुमी खांबावरच बरे होते."

त्या गोंधळात अर्पिताचा फोन आला. मी रडत तिला सांगितलं, दाब शून्य, नऊ दिवस शून्य. ती पुण्यात बसून हा पडदा पाहू शकते. थोडा वेळ तिच्याकडून नुसती बटणं वाजत होती.

"आजी, 'पूर्ण जोर' कोणी दाबला होता?"

"मी."

"आजोबांनी नाही?"

"त्यांच्या बोटात कुठं जोर हाये, माय? म्हणून मी देला."

 ती हळू म्हणाली, "तुझा जोर शंभर धरला गं त्यानं. दहाच्या खालचं ते शून्य दाखवतं. आत सगळी नोंद आहे. तीन. चार. तीन. तीन. चार. आजोबा नऊ दिवस दाबतायत, आजी. आजही सकाळपासून."

मी खाली बसले. कोणी पाणी दिलं, ते मी घेतलं नाही.

अर्पितानं तिकडून सगळं पुसलं. परत विचारलं गेलं, पूर्ण जोरानं दाबून दाखवा. या वेळी मी माझे दोन्ही हात मागं बांधल्यासारखे धरले. ह्यांनी दाबलं. चाप हलला की नाही ते डोळ्यांना दिसलंसुद्धा नाही. कॉम्प्युटरनं लिहिलं: शंभर.

अंगणातली माणसं आत आली. जायला कोणी तयार नव्हतं. रडायला आलेली माणसं होती ती, त्यांना काहीतरी पाहिल्याशिवाय परत पाठवणं बरं दिसलं नसतं. बाण निघाला. सरळ गेला, थांबला. पहिलं अक्षर उमटलं.

ती.

 कौशल्याबाई म्हणाल्या, "ती कोण?"

मला काही ऐकू येईना. त्रेपन्न वर्षं. धामणगाव बढे. सात वर्षं. माझ्या भावाच्या घरचं जेवण. मी ह्यांच्याकडं पाहिलं तर हे पडद्याकडं पाहत होते, कपाळाला आठ्या घालून, पेपर तपासताना घालायचे तशा. बाण परत निघाला. दुसरं अक्षर.

दी.

"दीपा," कौशल्याबाई पुटपुटल्या. "नाई तं दीनाबाई. धामणगावले एक दीनाबाई होती."

"तुमाले काय माहीत?" पंजाबराव म्हणाले.

"असन ना. प्रत्येक गावात असते."

तिसऱ्या अक्षराला फार वेळ लागला. बाण फळ्यावरून दोनदा फिरला, काहीतरी शोधत होता, ते सापडत नव्हतं. शेवटी निराश झाल्यासारखा 'र'वर थांबला. मग 'घ'.

ती दीरघ.

"दीरघ कोणतं नाव?" कौशल्याबाई म्हणाल्या.

मागून खुर्शीद मिस्त्रीनं आपली टोपी डोक्यावर घातली आणि शाळेत उभा राहिल्यासारखा उभा राहिला. "दीर्घ!" तो ओरडला. "माय, दीर्घ! खु ऱ्हस्व, शी दीर्घ! गुरुजी, ती दीर्घ!"

मी पोळपाटाखालची घडी काढली. उलगडली. माझ्या हातचं ते नाव, पट्टीशिवाय लिहिलेलं. मधलं अक्षर मी ऱ्हस्व लिहिलं होतं. दुसऱ्या अर्जातही, कोरून कोरून, ऱ्हस्वच. कचेरीच्या दप्तरात दीर्घ मास्तर होते. ऱ्हस्व मास्तर जिवंत आहेत याबद्दल कोणाचीच हरकत नव्हती, पण दीर्घ मास्तरांबद्दल कोणी काही लिहून दिलेलं नव्हतं. एवढंच. एवढ्यासाठी हा माणूस दीड महिना गादी बडवत होता आणि नऊ दिवस तीन-चारचा जोर लावत होता.

प्लॉट नव्हता. दीपा नव्हती. माझ्यासाठी म्हणून काही दुसरं, तेही नव्हतं. मला हसू फुटलं. गणपतीनंतर पहिल्यांदा. मग ते हसू कुठं गेलं ते मला कळलं नाही, कौशल्याबाईंनी मला धरलं होतं.

ह्यांना 'दीर्घ' लिहायला मी रफार ठेवला नव्हता. आयुष्यात ह्यांनी पहिल्यांदा अशुद्ध लिहिलं, तेही चारचौघांत आणि माझ्यामुळं. लाल पेन ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात, खुंटीवर होती. मी ती काढली नाही.

सगळे गेल्यावर मी तिसऱ्या अर्जावर नाव लिहिलं. मधलं अक्षर दीर्घ. ह्यांच्या समोर धरलं. ह्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, सावकाश, चूक सापडायची आशा असल्यासारखं. मग चाप दाबला. "हाव," अर्पिता म्हणाली. आणि मग मनगट जरा वळलं. पडद्यावर बाण थोडा खाली गेला, तिथून तिरका वर, लांबवर. बाणाची रेघ उमटत नाही, तो फिरतो आणि मागं काही राहत नाही. पण खूण मी ओळखली. बारावी.

त्यानंतर दोन आठवडेसुद्धा मिळाले नाहीत. त्या दिवसांत ह्यांनी काही मोठं सांगितलं नाही. पाणी मागितलं. खिडकी लावायला सांगितली. माझ्या फळ्यात सात चुका काढल्या, त्या मी सातही दुरुस्त केल्या आणि रफारालाही घर दिलं. मी विचारलं, "दोन दिवस मी बोलली नाई, राग आला का?" बाण बराच वेळ दोन घरांच्या मध्ये थांबला. मग "नाई" म्हणाला. त्या वेळी मालगाडी जात होती, त्यामुळं तो ह्यांचा शब्द की गाडीचा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तिसरा अर्ज मंजूर झाला. सदर इसम हयात असल्याची नोंद घेण्यात आली आहे, असा कागद पोस्टानं आला तेव्हा अंगणात तेरवीच्या पंगतीसाठी मांडव घातलेला होता. पंजाबरावांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि मग कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. हर्षल आणि अर्पिताचं लग्न पुढं ढकललं. या वेळी कारण सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या सोमवारी मी कचेरीत गेले. तोच माणूस बसलेला. दुसरा फॉर्म, दुसरा रकाना. त्यानं पेन उघडली आणि सवयीनं कागद माझ्याकडं सारला, ही बाई सांगत नाही हे त्याला आठवत होतं. मी कागद परत त्याच्याकडं सारला.

"लिहा," मी म्हटलं, आणि एकेक अक्षर तोंडानं सांगितलं, मधलं दीर्घ धरून.

मोतीराम अर्जुनराव बोरले, निवृत्त शिक्षक, गुरुवार, सोळा जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी सकाळी मलकापूर येथे राहत्या घरी वारले.